फुकुयोशीच्या हरवलेल्या बरगड्या

ती. मित्सुएताईंस,

यासुहिकोचा कमरेतून वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा पूर्ण वाकलो असे समजून घ्यावे.) डोंगरावरची पाने लाल झाली. आपले गुडघे कसे आहेत? आपल्या धाकट्या बहिणीसाठी, माझ्या तोमिएसाठी, आपण दर आठवड्याला पाठवता ते गोड पुरणाचे वाफवलेले मांजू वेळेवर पोहोचतात. देव्हाऱ्यात तिच्या नावाच्या पाटीपुढे ठेवतो, मगच उतरवतो. त्यात खंड नाही. उतरवलेल्यांचे पुढे काय होते, ते मात्र आज कबूल करतो.

काल गुरांच्या ओनोदेरा डॉक्टरीणबाई आमच्या फुकुयोशी गाईचे गर्भ काढायला आल्या होत्या. आपल्याला ठाऊकच आहे, आमची म्हातारी आता स्वतः वीत नाही. चार दिवस सकाळ-संध्याकाळ इंजेक्शने द्यायची, बीज भरवायचे आणि आठवड्याने गर्भ धुऊन काढून तरण्या गाईंच्या पोटात ठेवायचे. (तोमिए म्हणायची, हिने बाळंतपणे सुनांवर ढकलली.) तोमिए होती तेव्हा एका खेपेला बारा-बारा निघत. काल बाई तासभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या आणि निघाले तीन, त्यातले दोन फुसके. पुढच्या खेपेला पाचाच्या आत निघाले तर फुकुयोशी मांसाच्या बाजारात जाणार, असे गोपालक संघाने कळवले आहे. गाय संघाची, तिथे माझे काय चालणार?

मी आधी उन्हाळ्यावर ढकलले, मग इंजेक्शनांवर, मग शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर (त्या आवाजाने ती बिचकते). बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि तिच्या कुशीवरून हात फिरवला. "अहो आजोबा, हिच्या बरगड्या कुठं गेल्या? एवढ्या चरबीत गर्भ धरायचे कसे? काय घालता काय हिला?" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या मात्र शर्टावरून मोजता येतात."

ताई, खोटे कशाला बोलू? मांजू तिने खाल्ले. नैवेद्याचा भातही तिनेच. मला साखरेचा आजार, आणि देव्हाऱ्यातले टाकवत नाही. तोमिए गेल्यापासून फुकुयोशी रोज संध्याकाळी मान वर करून दाराकडे बघत राही. दारातून यायचो मी. तिला काय सांगणार? म्हणून एक मांजू दिला. दुसऱ्या दिवशी दोन, वर ओंजळभर दाणा. असे अकरा महिने. तोमिएच्या लाडक्या गाईला मीच लाडाने मारायला निघालो, याचे फार वाईट वाटते. बाई गेल्यावर गोठ्यात बसून रडलो. (फुकुयोशीने जवळ येऊन माझे खिसे हुंगले.)

बाईंनी पुढच्या खेपेपर्यंत तीन महिन्यांची मुदत दिली आहे. मोजके गवत, आणि रोज ओढ्यापर्यंत चालणे. आज पहिला दिवस होता. कोणी कोणाला ओढत नेले ते विचारू नये.

आपला,
यासुहिको

ता. क. मांजू पाठवणे कृपया बंद करावे. एवढ्यासाठीच हे पत्र.

आणखी एक ता. क. वरचे रद्द समजावे. तोमिएला ते फार आवडत. पाठवू नका, स्वतः घेऊन या. गुडघे दुखत असतील तर स्टेशनावर न्यायला येतो. साखरेच्या आजाराचे मी खोटे लिहिले. साखर चांगली आहे. देव्हाऱ्यातले उतरवून एकटा जेवायला बसलो की घास उतरत नाही, आणि गाईला तर आता मनाई झाली.