ठासणीच्या बंदुकीची चिंधी

आदरणीय व्हर्नाताई यांना हार्लनचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? ओहायोतली थंडी आपल्या खोऱ्यातल्या थंडीपेक्षा ओली असते असं आर्डिथ आमच्या लग्नापासून म्हणायची, तेव्हा गुडघ्याला लोकरीचं काहीतरी बांधत जा. लेकीला आणि जावयांना माझा नमस्कार सांगा. नाताळासाठी तुम्ही विणून पाठवलेले मोजे पोचले. मापाला बरोबर आहेत. इकडे मी ठीक आहे. (हे वाक्य हल्ली माझ्या तोंडातून आपोआप निघतं. परवा दुकानात बाईंनी पिशवी हवी का विचारलं, तर मी म्हणालो, मी ठीक आहे. त्यांनी पिशवी दिली.) पत्र लांबणार आहे याची क्षमा असावी. लिहिण्याचं कारण आहे, ते शेवटी येईल.

तुम्हाला आठवत असेल, मार्चमध्ये हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांत आर्डिथने माझ्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. तुम्ही तिथेच खुर्चीवर विणत बसला होतात. या वर्षीही नाताळच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्या धाकट्या डेलबरोबर डोंगरावर हरणाच्या शिकारीला जायचं, घरात पडदे ओढून बसायचं नाही. मी मान हलवली. तुम्ही विणकामातून वर पाहिलंत, म्हणजे साक्षीदारही झालात. आता अडचण अशी, की तिचा दुसरा एक नियमही तुम्हाला ठाऊक आहे. पन्नास पावलांवरून जेवणाच्या कागदी ताटलीत लागोपाठ तीन गोळ्या बसल्या नाहीत, तर त्या बंदुकीने हरणावर नेम धरायचा नाही. जखमी होऊन झुडपात शिरलेलं हरीण तिने लहानपणी पाहिलं होतं आणि ते ती कधी विसरली नाही. तेव्हा एकीकडे तिला दिलेला शब्द, दुसरीकडे तिचाच नियम, आणि मधे मी आणि ही चकमकीची ठासणीची बंदूक (नाताळनंतरच्या हंगामात दुसरी चालत नाही), जी गेल्या हंगामापर्यंत शहाण्यासारखी वागत होती.

ताटल्या मात्र भरपूर आहेत. अंत्यविधीनंतरच्या जेवणाला चर्चच्या बायकांनी आणल्या होत्या, त्यातला मोठा गठ्ठा राहिला. टाकवत नव्हत्या आणि त्यात जेवणही जात नव्हतं. आता मी त्यांना कुरणाच्या टोकाला फळीवर ठोकतो आणि गोळ्या घालतो, म्हणजे घालायचा प्रयत्न करतो. खरं सांगायचं तर बहुतेक ताटल्या अजून जेवायच्या लायकीच्या आहेत.

मी जन्मभर जमिनीची मोजणी केली, त्यामुळे पद्धतशीर सुरुवात केली. दारू मोजून नळीत ओतायची, वर तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी, ती गजाने तळापर्यंत ठासायची, बाहेर खोबणीत चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक, टाकायची, चाप ओढायचा, की गारगोटीची ठिणगी पडून रंजक पेटते आणि रंजकेने आतली दारू. इतक्या पायऱ्यांपैकी एका वेळी एकच बदलायची आणि निकाल पाहायचा, हे मी ठरवलं. पहिल्या दिवशीचा निकाल असा: एक गोळी ताटलीच्या वर फळीत, एक ताटलीच्या खाली मातीत, आणि तिसरी अजून कुठेतरी हवेतच असावी. दारू कमी केली तर गोळ्या खाली पसरल्या, जास्त केली तर वर पसरल्या. पसरण्याच्या बाबतीत बंदूक अगदी प्रामाणिक होती.

मग डेल आला. तुम्ही त्याची थोरली बहीण आहात, तेव्हा मी जास्त लिहीत नाही. (मी ज्याला ज्याला डेलविषयी जास्त लिहिलं आहे, त्याने ते डेलला वाचून दाखवलं आहे.) त्याने माझ्या तीन गोळ्या पाहिल्या, फळीपर्यंत चालत गेला, चालत परत आला आणि म्हणाला, "दाजी, जन्मभर लोकांच्या हद्दी मोजल्यात आणि स्वतःची गोळी कुठल्या गावात गेली ते सांगता येईना?" त्याचं निदान असं, की मी चाप ओढताना डोळे मिटतो आणि खांदा झटकतो. मी नाही म्हणालो. त्यावर त्याने नुसती मान डोलावली, म्हणजे त्याच्या मनात काहीतरी शिजतंय हे मला कळायला हवं होतं. पुढच्या खेपेला त्याने स्वतः बंदूक भरून दिली आणि रंजक टाकल्याचं नुसतं नाटक केलं. मी चाप ओढला, घोडा खाडकन पडला, बाकी काही झालं नाही आणि मी होतो तसाच दगडासारखा उभा. डेलचं तोंड उतरलं. माझा झटका पकडल्यावर म्हणायचं भाषण त्याने तयार ठेवलं होतं, ते वाया गेलं.

ते भाषण वाया जाऊ नये म्हणून की काय, ती भरलेली गोळी झाडून झाल्यावर त्याने दुसरं सुरू केलं. बंदूक भरण्याची खरी रीत कोणती आणि मी ती कशी विसरलो, हे दाखवण्यासाठी त्याने माझ्या हातून बंदूक घेतली, तुमच्या वडिलांची आठवण काढली, चिंधी कशी धरायची, गज कसा एका दमात दाबायचा हे सांगत सांगत गोळी तळापर्यंत ठासली, आणि चाप ओढल्यावर नुसता फुस्स आवाज आला. बोलण्याच्या नादात दारू घालायचीच राहिली होती. आता कोरडी ठासलेली गोळी बाहेर काढायची म्हणजे गजाला स्क्रू लावून तो शिशात फिरवायचा आणि ओढायचा. मी दस्ता धरला, डेलने गज धरला, आणि त्या गोठलेल्या कुरणात आम्ही दोघं साठीपुढचे गृहस्थ एकमेकांना ओढू लागलो. शेजारच्या हॉस्टेटर बाई गाईंना वैरण टाकायला आल्या होत्या. त्यांनी कुंपणाशी थांबून थोडा वेळ पाहिलं आणि मग अगदी काळजीने विचारलं, "आर्डिथच्या वस्तूंची वाटणी चाललीय का?" तेवढ्यात गोळी सुटली आणि डेल शेणात बसला. मी कधी हसलो ते मला आठवत नाही. हॉस्टेटर बाई म्हणतात, हसलात. मार्चनंतर पहिल्यांदाच, असंही म्हणाल्या. मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

त्यानंतर नळीत मळ साचला असेल म्हणून मी ती उकळत्या पाण्याने धुतली, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये. (आर्डिथ ते गोठ्याजवळच्या नळावर करायची. का, ते आता मला कळलं.) नळीतून निघालेलं काळं पाणी तुमच्या बहिणीच्या पांढऱ्या सिंकवरून, ओट्यावरून आणि एका कोंबडीचं चित्र असलेल्या फडक्यावरून गेलं. सिंक घासून निघालं. कोंबडी कायमची काळी झाली. गोळ्या तरीही पसरत राहिल्या. गारगोटी बदलली. रंजकेचं भोक सुईने साफ केलं. शेवटी डेलने हातोडीने नळीवरची नेम धरायची मागची खाच डावीकडे सरकवली, कारण त्याच्या मते सगळ्या गोळ्या उजवीकडे जात होत्या. माझ्या मते त्या सगळीकडे जात होत्या. खाच सरकवल्यानंतरच्या पहिल्या गोळीने ताटली टांगलेला खिळा उडवला आणि ताटली अंगावर ओरखडाही न उठता खाली पडली. डेल म्हणाला, हा शुभशकुन. मी खाच पुन्हा मूळ जागी आणली.

त्या संध्याकाळी मी ठरवून टाकलं, की जायचं नाही. नियम तो नियम, आणि तो तिचाच. जेवताना मला बरं वाटलं. पडदे ओढले, दिवा लावला, आणि आता कोणी येणार नाही, कुठे जायचं नाही, म्हणून बरं वाटलं. मग असं बरं वाटण्याचंच वाईट वाटलं. कारण आर्डिथ ज्याला घरात बसणं म्हणायची, ते हेच.

दुसऱ्या दिवशी हॉस्टेटर बाईंनी निरोप पाठवला, की कुरणात चिंध्या पडल्यात त्या उचला, गाई खातील. हे त्यांना पूर्वी कधी सांगावं लागलं नव्हतं. मी गोळी झाडल्यावर आर्डिथ नेहमी पुढे चालत जायची आणि नळीतून उडालेल्या चिंध्या वेचून आणायची. तिला कुरण स्वच्छ लागतं असं मी समजत होतो. इतकी वर्षं मी ताटलीकडे पाहत होतो आणि ती चिंध्यांकडे. मी वेचायला गेलो तर माझ्या चिंध्या म्हणजे नुसत्या जळक्या दशा. मधोमध भोक, कडेला काजळी, हातात घेतल्या की चुरा. माझे हातमोजे ओले होते म्हणून दुसरे पाहावेत, तर मागच्या दाराशी खुंटीला तिचा कोट होता. तो मी मार्चपासून हलवला नव्हता. खिशात हातमोजे नव्हते. गेल्या हंगामातल्या तिने वेचलेल्या चिंध्या होत्या, सगळ्या अखंड, मधे गोळीचा एक काळा गोल, जणू कोणी पेन्सिलीने आखलेला. आणि त्यांच्यात एक न वापरलेली, तिनेच कापून तेल लावलेली.

ताई, चिंध्या ती करून ठेवायची. दरवर्षी डबा भरलेला असायचा आणि मी त्यातून घ्यायचो. गेल्या वर्षी तो डबा संपला, तेव्हा या शरदात मी दुकानातून तसंच निळ्या पट्ट्यांचं कापड आणलं, जाडी मायक्रोमीटरने मोजून आणलं. जाडी बरोबर होती. पण कापडात खळ होती, त्यामुळे तेल आत मुरत नव्हतं, आणि वीण विरळ, त्यामुळे चिंधी जळून आग गोळीपर्यंत पोचत होती आणि गोळी नळीत सैल पडत होती. हे कळल्यावर मी ते कापड धुतलं. धुताना मशीनमध्ये कपडे मऊ करायचं जे निळं द्रावण असतं, तेही घातलं. त्याने कापड मऊ झालं, पण इतकं मऊ झालं की तेल मुळीच धरेना, आणि आता बंदूक झाडली की कुरणभर फुलांचा वास सुटतो. डेल म्हणाला, "दाजी, हरणाला वाटेल बाई कपडे वाळत घालतायत. ते पळायचं सोडून चिमटे द्यायला येईल." गोळ्या अर्थातच पसरल्या.

मग मी तिची ती एक चिंधी घेतली. घ्यावी की नाही याचा मी बराच विचार केला. पण बंदूक दोषी आहे की नाही, हे कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता. गोळी ताटलीच्या अगदी मधोमध बसली. मी चालत गेलो आणि चिंधी शोधून आणली. अखंड होती. ती कोटाच्या खिशात परत ठेवली आहे.

म्हणजे आता सगळं स्पष्ट आहे. बंदूक निर्दोष, मी निर्दोष, दारू निर्दोष. नाताळ जवळ आला आहे, ताटल्या अजून पुष्कळ आहेत, आणि चिंधी नाही. तुम्ही गुडघ्याला जपा. नववर्षाला रिवाजाप्रमाणे डुकराचं मांस आणि आंबवलेला कोबी करीन म्हणतो, जमलं तर. आर्डिथचं प्रमाण कुठे लिहिलेलं नाही, तेव्हा कोबी किती खारट होईल ते सांगता येत नाही.

तुमचा,
हार्लन

ता. क. पत्राचं कारण राहिलं. खिशातल्या चिंध्यांच्या निळ्या पट्टीशेजारी एक बारीक तांबडी रेघ आहे, आणि ती मी ओळखली. तुमच्या आईंनी तुम्हा दोघी बहिणींना लग्नात बदकाच्या पिसांच्या उशांची एकेक जोडी करून दिली होती, त्यांच्या आतल्या खोळीचं हे कापड. आता तसं विणत नाहीत. तुमच्या जोडीतली एक उशी वापरात नसेल, तर तिची खोळ मला पाठवाल का? पिसं तुम्हीच ठेवून घ्या. आईंच्या हातची वस्तू जाळायला मागतो आहे हे मला कळतं. म्हणून तर आधी गुडघ्याचं विचारलं. तुम्ही नाही म्हणालात तरी मोजे वापरीनच.

ता. क. आणखी. तुम्ही म्हणाल, आर्डिथचीही जोडी होती. होती. एक उशी उसवली तेव्हा तिची खोळ चिंध्यांना गेली, ती गेल्या वर्षापर्यंत पुरली. दुसरी पलंगावर तिच्या बाजूला आहे. डेल म्हणतो, कात्री घ्या आणि मोकळे व्हा. कात्री घेतली होती. अभ्रा काढला. मग अभ्रा परत चढवला.

ता. क. शेवटचं. डेलचा फोन आला तर त्या उशीला उंदीर लागले असं सांगावं. मी त्याला तेच सांगितलं आहे. त्यावर त्याने स्वतः पिंजरा आणून चीज लावून पलंगाखाली ठेवला, आणि रोज विचारतो. म्हणून मीही रोज सकाळी वाकून बघतो. अजून काही सापडलेलं नाही.