भाटाच्या वहीतले पवनीकर

महाल, नागपूर
शनिवार, ९ मार्च १९७४

ती. रुपरावभाऊ यांस,
मनोहरचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र दिवाळीत आले आणि उत्तराला मार्च उजाडला, याबद्दल क्षमा मागतो. वाडी इथून सहा मैल. पत्रापेक्षा मीच लवकर पोचलो असतो, पण आलो नाही. इकडे सर्व ठीक. शाळेच्या परीक्षा जवळ आल्या आहेत. सिंधूचे गुडघे दुखतात. वहिनींना नमस्कार.

तुम्ही एवढेच लिहिले होते की तुमच्या प्रमोदिनीला मोहाडीच्या नानाजींच्या घरून मागणी आली आहे, ते माझ्याकडे चौकशीला येतील, तेव्हा खरे ते सांगावे. नानाजी जानेवारीत आले. चहा घेतला, सुपारी कातरत बराच वेळ हातमागाचे बोलले. मग म्हणाले, "मास्तर, पोरगी आम्हाले पसंत हाय. तिच्या मायची जातही आम्ही विचारून नाही राहिलो. उमरेडचे लोक म्हणतात, रामाजीले दोन पोरं. पण धोंडबा भाटाच्या वंशावळीच्या वहीत एकच हाय, तुम्ही. आमच्या घरी वही चालते. मंग हे वाडीवाले पवनीकर कोणाचे?"

मी म्हणालो, आडनावाचा जरा शोध घ्यावा लागेल. ते वाक्य खोटे नव्हते, पण उत्तरही नव्हते.

शोध मात्र मी खरोखर घेतला. दोन रविवार पवनीला गेलो. जुने कागद पाहिले, कोष्टीपुऱ्यात फिरलो. जिजाबाई म्हणून ऐंशीच्या घरातल्या एक बाई भेटल्या, त्यांना आपल्या खापरपणज्याचे घर माहीत होते. मी पवनीकर म्हटल्यावर त्या हसल्याच. म्हणाल्या, पवनीत कोण कोणाले पवनीकर म्हणते बापा, सारेच पवनीचे. आपण मूळचे सोनकुसरे. माग घेऊन उमरेडला आलो, तिथल्या लोकांनी पवनीचे म्हटले, तेच पुढे शाळेच्या दाखल्यावर चढले. मी याचे सोळा पानांचे टिपण केले आहे. ते चांगले झाले आहे, हेही लिहितो, कारण दोन महिने मी त्यावरच काढले. नानाजींनी यातले काहीच विचारले नव्हते.

आता जे लिहायचे ते.

तुम्ही लग्न करून घर सोडल्यानंतरच्या वर्षी, छप्पन्नच्या उन्हाळ्यात धोंडबा उमरेडला आला होता. त्याची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. ओसरीवर घोंगडी, पाच शेजारी समोर, आधी मागच्या साऱ्या पिढ्या मोठ्याने वाचायच्या आणि मग घरच्या माणसाने नवी नावे सांगायची. सांगतील तेवढेच तो लिहितो, स्वतःचे अक्षरही घालत नाही. बाबांनी तुमचे नाव घालू दिले नाही, असे मी आईला सांगितले, लग्नानंतर सिंधूला सांगितले आणि बाबा गेले तेव्हा घाटावर तुम्हालाही सांगितले. तुम्ही नुसती मान हलवलीत.

बाबा त्या दिवशी ओसरीवर नव्हतेच. ते सूत आणायला बाजारात गेले होते. धोंडबाने मला विचारले, "रामाजीले पोरं किती?" मी म्हणालो, एक. पाच शेजाऱ्यांपैकी रुखमाबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि नजर खाली वळवली. इतरही खाली बघत राहिले. त्यांना वाटले असावे, घरातूनच तसे ठरले आहे.

मी तसे का म्हणालो, याचे उत्तर अठरा वर्षे शोधतो आहे. तुमच्या लग्नाचा राग होता म्हणावे, तर राग आठवत नाही. बी.ए. झालो होतो, आणि भाट मला विचारतो आहे याचे बरे वाटले होते, एवढे आठवते. त्या दिवसाची डायरी काढून पाहिली. तिच्यात आहे: भाट येऊन गेला, ऊन फार.

बाबांना ते मागाहून कळले. त्यांनी ते दुरुस्त केले नाही, हा त्यांचा भाग. पण घाटावरच्या त्या दिवसापासून तुमचा राग त्यांच्यावर राहिला, तो त्यांच्या वाट्याचा नव्हता.

गेल्या रविवारी धोंडबाला उमरेडला जाऊन भेटलो. आता त्याला नीट दिसत नाही, वही नातू वाचतो. एकट्याला बाजूला घेऊन म्हटले, एक नाव राहून गेले आहे. तो म्हणाला, "राहून नाही गेलं, मास्तर. तुम्ही नाही म्हणून सांगतलं. पाच जणांसमोर सांगतलं, पाच जणांसमोर फिरवा. मी काहून लिहू?" मी पुढच्या खेपेला बघू म्हणालो आणि दुपारच्या एस.टी.ने परत आलो.

काल नानाजींचे कार्ड आले. सोमवारपर्यंत निकाल नसेल तर ते भंडाऱ्याची मुलगी पाहणार आहेत. धोंडबा उद्या संध्याकाळी उमरेड सोडतो. रुखमाबाई अजून आहेत. त्यांना आणि आणखी चौघांना थांबून राहण्याचा निरोप आज धाडला. काय सांगायचे आहे तेही निरोपात कळवले, म्हणजे तिथे जाऊन मला दुसरे काही सुचू नये.

तुम्ही उमरेडला येऊ नका. तुम्ही समोर असलात तर मी ते तुमच्यासाठी केले असे दिसेल. या पत्राचे उत्तर द्यावे असेही म्हणत नाही. प्रमोदिनीला मात्र हे पत्र वाचू द्या. तिच्या आजोबांविषयी तिला जे सांगितले गेले, त्यातले निम्मे माझे आहे.

तुमच्यामागचा,
मनोहर रामाजी पवनीकर

उद्या: सकाळी सहाच्या गाडीने उमरेड. वहीत रुपराव, वडील मुलगा, असे लिहवून घेणे.