बर्फाच्या गोदामातला निवाडा

ठाणे,
ता. २ डिसेंबर १९९१

गोमादादास,

रतनचा नमस्कार. आई बरी आहे, गुडघे तेवढे दुखतात. माझी वागळे इस्टेटमधली नोकरी चालू आहे; आता पॅकिंगवरून तपासणीवर टाकलंय. खाडीत मासळी कमीच. कारखान्यांचं पाणी सुटलं की मेलेली मासळी काठाला लागते.

तुझं पत्र मिळालं. "काळुरामने माझं घर मंजुळाला दिलं आणि तू बघत बसलीस? पोलिसात जा," असं लिहिलंयस. वेरावळला बसून लिहायला सोपं आहे रे.

मंजुळावहिनी आधी पोलिसातच गेलेली. तू तिकडे दुसरं बिऱ्हाड केलंस आणि वर इथलं घर विकायला काढलंस, तेव्हा. हवालदार म्हणाला, "घरगुती भांडण आहे, घरात मिटवा." जमातीचे पंच चहा पिऊन उठले. कोर्टात नुसत्या तारखा. शेवटी त्याच हवालदाराने सांगितलं, "काळुरामकडे जा ना, लगेच काम होईल." पोलीसच तिकडे धाडतात, मग मी कुठल्या पोलिसात जाऊ?

तू गेलास तेव्हा काळुराम रेतीच्या बोटींवर मारामाऱ्या करायचा. आता धक्का त्याचा, खाडीही त्याचीच. कुणाची होडी कुठे लागेल, जाळं कुणी कुठे टाकायचं, लग्नात बँड कधी थांबायचा, सगळं तो ठरवतो. दर रविवारी बर्फाच्या गोदामात बसतो, बाजूला पोरं पिस्तुलं खोचून उभी. दारूचे गुत्ते त्याने बंद केले, नळ आणला. बायका त्याला ओवाळतात. धाकूमामाने डिझेल त्याच्याकडून न घेता बाहेरून आणलं म्हणून त्याची होडी जाळली, त्यावर मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

वहिनी त्याच्यासमोर उभी राहिली. मी शेजारीच होते.

"नवरा नांदवतो?"

"नाय."

"घर बांधताना डोक्यावर घमेली कुनी वाहिली?"

"मी."

"मंग घर तुजं. कोन काडतो बगू."

झालं, एवढंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुला राग येईल, पण मीही वाजवल्या. निवाडा बरोबरच होता, दादा. वर्षभर जे कुणी बोललं नाही ते हातात पिस्तूल असलेला माणूस बोलला, याचीच मला चीड येते.

मग दिवाळीच्या आधी, भर दुपारी, दोन पोरं गोणी घेऊन आली. "वहिनी, भाईने ठेवायला सांगितलंय." ती नको म्हणाली. एक जण हसला, "घर कुणी दिलं?" गोणी पलंगाखाली ढकलताना आत लोखंड वाजलं. पोरं गेली तशी वहिनीने दाराला कडी घातली आणि मला म्हणाली,

"रतन, मना हे घर नको. परत घे म्हनावं त्याला."

गेलो आम्ही गोदामात. काळुराम नीट बोलला, चहासुद्धा मागवला. म्हणाला, "माझा निवाडा फिरत नाय. एकदा फिरवला तर उद्या माझं ऐकंल कोन?"

पुढचं मला लिहायचं नव्हतं, म्हणून मासळी नि गुडघे लिहीत बसले. गेल्या आठवड्यात मुंबईहून पोलीस आले, थेट वहिनीच्या घरात शिरले. गोणीत बंदुका निघाल्या. वहिनीला घेऊन गेले. ती पायात चपलाही न घालता जीपमध्ये चढली. काळुरामला कुणी हात लावला नाही. त्याने निरोप धाडला, "ती बाई आमची नाय." टाळ्या वाजवणारे सगळे दारं लावून बसलेत, आणि तिच्या घरात त्याची पोरं कॅरम खेळतात.

टेंभी नाक्याजवळ सुमेधाबाई म्हणून वकील आहेत. त्या म्हणतात, टाडा, तो अतिरेक्यांचा कायदा, लागला तर जामीन विसरा. घर कागदावर अजून तुझंच आहे. मालकानेच येऊन सांगितलं की काळुरामची माणसं घरात दांडगाईने घुसलीत, तर वहिनीला सोडवायची काही वाट निघेल. गोणी कुणाच्या पोरांनी ठेवली, याचा जबाब मी देऊन आले. तेव्हापासून कंपनीच्या गेटसमोर त्याचा एक माणूस उभा असतो. नुसता बघतो. मी कामावर जाते.

आई म्हणते, "गोम्याला लिव, घराचं मागाहून बग म्हनावं. आदी पोरीला सोडव."

घर कुणाचं, हे मला परत विचारू नकोस. येणार असशील तर ये. नसशील तर तसं साफ कळव, म्हणजे मी तुझ्यावाचून पुढचं बघते.

मंजुळाची नणंद,
रतन