उपासाचं रबर

५ जुलै, शुक्रवार
समद्यांचं मीच ऐकून घ्यायचं. नांदेडचा दाताच्या तारेचा डॉक्टर म्हनतो, वरच्या-खालच्या तारेला अडकवायचं रबर पोरगी लावत न्हाई. मी भांडले. लातूरला आत्याजवळ ऱ्हाती डॉक्टरकीच्या क्लासला, आत्याचं लक्ष असतं म्हनलं. त्यानं निकिताच्या तोंडात कॅमेऱ्याची कांडी फिरवली. मागच्या खेपेचे अन् आजचे दात टीव्हीवर शेजारी लावले. सरळ झालेत. पन खालचे अजून वरच्याच्या पुढंच. तार दात सरळ करती, चावा जुळवायचं काम रबराचं. रोज, जेवन सोडून सारा वेळ. न्हाई जुळला तर फुडं हाड कापून ऑपरेशन. 

७ जुलै, रविवार
लातूरच्या गाडीत बसताना निकिता बोलली. सोमवार, गुरुवार, चतुर्थी. मार्कासाठी उपास. तिची आत्या, माझ्या वन्सं, म्हनल्या, रबर उष्टं, उपासाच्या तोंडात चालत न्हाई. म्हनून काढती. दुसऱ्या दिवशी लावलं की ठणकतं, मग तवाबी न्हाई.
अन् तार? बसवल्यापासून तोंडातच हाय. ती उष्टी न्हाई?

८ जुलै, सोमवार
वन्संला फोन. पोरीचा डबा पहाटे उठून करतेत, त्यात खोट न्हाई. पन म्हनल्या, "वैनी, डॉक्टरकीला नंबर लागल्यावर तोंड कोन बघतंय?"
फोन ठेवला. माझं तोंड समद्यांनी बघितलं.
ल्हानपनी भूकंपात भिंत माझ्या जबड्यावर आली. तंबूतल्या डॉक्टरनं वरचे-खालचे दात तारेनं बांधून टाकले. फटीतून पेज. माय ऱ्हायली न्हवती, पुन्हा दाखवायला कोन नेनार... हाड वाकडंच जुळलं. अजून एकाच बाजूनं खाती.

११ जुलै, गुरुवार
माझाबी उपास. निकिताची रबराची एक पुडी इथंच ऱ्हायली. त्यातलं एक दाढेत धरून आरती केली. देव काय म्हनला न्हाई. मग पोरीला फोन लावला, सांगितलं.
"मम्मी, पेपर बिघडला तर?"
 हे म्हनतेत, एवढं वरीस जाऊ दे. डॉक्टर म्हनतो, आता न्हाई तर...

१२ जुलै, शुक्रवार
वन्सं अन् निकिता, दोघींनाबी सांगितलं. सोमवारी उपास हाय, करा. पन रबर तोंडात ऱ्हाईल का न्हाई, ते रविवारी सांजच्याला मला कळवा. हाव म्हना न्हाईतर न्हाई म्हना. गप बसलात तर सोमवारच्या पहिल्या गाडीनं मी येते, रबराची पुडी घेऊन.