पंख्याच्या सुरावर

प्रिय चिमणे,

आता तू संसारी बाई झालीस, तरी माझ्या हातून दुसरं काही लिहिलं जात नाही. वहिनींचा, तुझ्या आईचा, फोन आला होता. बाबांचा माउथ ऑर्गन बेसूर आहे म्हणून तू तो दुरुस्तीला देणार आहेस म्हणे. दुकानदार म्हणाला, सगळेच सूर उतरलेत. बाई गं, तेवढं करू नकोस! निदान हे पत्र पुरतं वाचून होईपर्यंत त्याला कुणाला हात लावू देऊ नकोस. मी हे तुकड्यातुकड्यांनी लिहितोय, खोकला मध्येच उठवून बसवतो, तेव्हा अक्षराला हसायचं नाही.

आमच्या बँडवर तुझा राग होता, ठाऊक आहे मला. सुट्टीच्या दिवशीही बाबा घरी नसायचे. आणि तू कारखान्याच्या शेडमध्ये यायचा हट्ट धरलास की तुला फाटकावरूनच परत पाठवायचे. किती थयथयाट करायचीस! पण आम्ही काही हौसेने वाजवायला बसलो नव्हतो. भट्टीतून ओतून आलेल्या लोखंडी भागांना वाळू चिकटलेली असते, ती घासून काढायची, हे आमचं काम. यंत्रांचा आवाज असा की शेजारच्याची हाक ऐकू येऊ नये, आणि धूळ अशी की तो दिसूही नये. भिंतीतला एक भलामोठा पंखा ती धूळ बाहेर ओढायचा. जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबायची, पंखा तेवढा चालू राहायचा. अशाच एका सुट्टीत बाबांनी डबा बाजूला सारला, खिशातून हाच तोंडाचा बाजा काढला आणि एक सूर लांबवला. तो सूर आणि पंख्याची घरघर एकमेकांत अशी मिसळली की मी घास हातात धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी मी गिटार आणली. कॅन्टीनच्या बाई चहाची किटली घेऊन आल्या आणि तिथेच थबकल्या. त्यांच्याकडे ब्लूज नावाच्या इंग्रजी गाण्यांची एक कॅसेट होती, दिवसभर तीच लावायच्या. शब्द आम्हाला ओ की ठो कळायचे नाहीत, पण राबून पिचलेल्या माणसाचं गाणं आहे हे कळायला मास्तर लागत नव्हता. बाई त्या चालीत आपले शब्द बसवायच्या. साहेबाचा उद्धार, गुडघेदुखी, पळून गेलेला नवरा, काय वाटेल ते. काय आवाज होता गं त्यांचा! तर असा जमला आमचा बँड, तिघं आणि पंखा. बाबा पंख्याला फुकटचा तंबोरा म्हणायचे.

पुढे पंख्याचा पट्टा सैल पडत गेला, पंखा मंदावला आणि त्याचा सूर उतरला. मी गिटारच्या तारा सैल केल्या. बाजाला कुठल्या तारा? पण तुझे बाबा पडले घासकामवाले. त्यांनी बाजा उघडला आणि आतली पितळी पाती बुडाशी हलक्या कानशीने घासली. तसं केलं की सूर खाली येतो. पंखा आणखी उतरला की हे पुन्हा कानस घेऊन बसायचे. एकदा कंपनीने पट्टा नवा बसवला. पलीकडची भिंत दिसू लागली, छाती मोकळी झाली. आणि आम्ही काय केलं, तर हिरमुसलो! सूर चढला आणि सगळी गाणी बिघडली ना. पट्टा पुन्हा सैल पडला तेव्हा बाईंनी आनंदाने किटली बडवली होती. सूर उतरला म्हणजे धूळ ओढणं कमी झालं, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आठवलं की अजून अंगाची लाही लाही होते.

बाबांचे शेवटचे दिवस तू पाहिलेस. बाजा ओठांना लावायचे, आवाज निघायचा नाही, मग नुसता मुठीत धरून बसायचे. बाई आता चार शब्द बोलतात आणि पाचव्यासाठी थांबतात. गाणं तर सोडूनच दे.

आता सरकारी चौकशी बसली आहे. कंपनी म्हणते, पंखा कायम पूर्ण वेगाने चालत होता, तुझे बाबा विड्या ओढून गेले. ज्याने जन्मात विडी शिवली नाही तो! पंखा भंगारात गेलाय. राहिली आहे ती बाईंनी शेवटी शेवटी शेडमध्ये भरलेली आमच्या गाण्यांची कॅसेट. तिच्यात मागे पंखा ऐकू येतो, चांगलाच उतरलेला. तर कंपनीचा वकील म्हणतो, तुमची टेपच हळू चालते, म्हणून पंखा उतरलेला वाटतो. म्हणून तो बाजा हवा आहे, आहे तसा, बेसूर. त्याचा सूर टेपमधल्या बाजाशी जुळला की टेप खरी ठरेल आणि पंखा मंद होता हेही. पण चौकशीच्या साहेबांसमोर तो कुणीतरी वाजवायला हवा. मी शेजाऱ्याच्या बाजावर करून पाहिलं, सूर लागेपर्यंत माझा दम संपतो. तेव्हा तू ये. गाणं नको, एकच सूर हवा, लांबवलेला. बाबांनी तुला कधी फाटकाच्या आत येऊ दिलं नाही, म्हणून आमच्यात तुझीच छाती तेवढी स्वच्छ राहिली आहे.

वाट पाहणारा,
तुझाच गिटारवाला काका