शुक्रवारचा डाव

साकाता, १६ नोव्हेंबर

चि. शुहेई यास ताईचे उरलेसुरले आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुमचा स्टुडिओ ज्या जुगारी पोरीची कार्टून मालिका काढतो, त्या तोवानं आपल्या आईला पुरतं नादी लावलं आहे. नववर्षाला दुकानात मिळणारी बंद पिशवी जिनं जन्मात घेतली नाही, का तर आत काय निघेल सांगता येत नाही, ती बाई दर शुक्रवारी टीव्हीसमोर बसून, लाव, सगळं लाव, म्हणून ओरडते. शेजारच्या हामानोबाईंनी परवा विचारलं, घरी पाहुणे आलेत का.

हसू नकोस. डॉक्टर म्हणतात, हृदयाची झडप नववर्षाआधी बदलायलाच हवी. या वयात धोका आहे, पण न बदलण्यात जास्त आहे. आईसाहेब म्हणतात, तोवा शेवटचा डाव जिंकली तर करून घेईन, हरली तर नाही. पथ्याचं मी रांधायचं, दवाखान्यात ताटकळायचं मी, आणि निर्णय घेणार कोण, तर कागदावरची पोरगी! दमले रे. कोण जिंकतं ते कळव.

लोभ ठेव, तो जमत नसेल तर निदान उत्तर ठेव.

किनुए

टोकियो, २३ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. डोकं टेबलावर टेकलेलंच आहे, वेगळं वाकत नाही.

आमच्याकडे कुणी साधं लॉटरीचं तिकीट काढलेलं नाही, आणि आम्ही जुगाराची झिंग रंगवतो. टेबलावरच्या आरशात बघून मी सर्वस्व लावणाऱ्या बाईचं हसू आणतो आणि कागदावर उतरवतो. दिग्दर्शक ते परत पाठवतात. म्हणतात, हे हसू जुगाऱ्याचं नव्हे, पगारवाढ मागणाऱ्याचं आहे. शेवटच्या डावात तोवा स्वतःचे डोळे पणाला लावते आणि एक पत्ता उलटायला हात पुढे करते. तो हात काढायचं काम माझ्याकडे आलंय. त्या क्षणी तिला भीती नाही, भूक लागते म्हणे. मला फक्त झोप येते. काम भयंकर मागे पडलंय.

शेवट बाहेर सांगणार नाही अशी सही घेतलीय आमची. ताई, ती हरते. तू आईला जिंकते म्हणून सांग. शस्त्रक्रियेला मी येतो.

तुझ्या रागाचा आणि मायेचा धनी,

शुहेई

साकाता, ३० नोव्हेंबर

चि. शुहेई, आशीर्वाद, त्यातून एक चापट वजा.

परवा किनुए मुळा सोलत बसली होती. कुणी विचारलं नसताना म्हणाली, तोवा जिंकणार असं ऐकलंय. खोटं बोलताना ही पोर माझ्याकडे बघत नाही, हातातल्या कामाकडे बघते. साल एवढी जाड निघत होती की मुळा उरेना. म्हटलं, हरतेय वाटतं बिचारी, आणि तुझं पत्र तिच्याकडून काढून घेतलं.

 मग वाटलं, तोवा जिंकली तर मी करीन, हा कसला जुगार? हे तर ऊन असताना छत्री घेऊन निघणं. डॉक्टरांकडून सतरा तारीख मागून घेतली, बुधवार. त्याच शुक्रवारी शेवटच्या भागात तोवा पत्त्याकडे हात नेईल तेव्हा मी बघायला असेन किंवा नसेन. खरं सांगते, या विचारानं जी झिंग चढते, ती लग्नातसुद्धा चढली नव्हती.

तू येऊ नकोस. तू इकडे आलास तर तो हात कोण काढणार?

माझ्यावर जीव असू दे, पण तो तिथूनच.

आई

साकाता, रुग्णालय, २२ डिसेंबर

चि. शुहेई, आशीर्वाद, या खेपेला चापटाच जास्त.

बुधवारी डोळे उघडले तर पलंगाशी तू, माझं बोट धरून घोरतोयस. किनुए म्हणाली, आल्यापासून हेच चाललंय. बरं वाटलं, नाही कशाला म्हणू. पण लगेच धस्स झालं, की हा इथे, तर तिकडे काय?

तू गुरुवारी गेलास. शुक्रवारी मी इथला टीव्ही लावायला पैसे भरून कार्ड आणवलं, नर्सबाईंची परवानगी काढली, किनुएला शेजारी बसवलं. आणि लागलं काय? जुन्याच भागांचे तुकडे! खाली माफीची पाटी, की शेवटचा भाग पुढच्या शुक्रवारी. किनुए हसत सुटली, आणि हसता हसता रडायला लागली. मी सरकून तिला जागा दिली. पडल्या पडल्या झोपली पोर. मी तिच्याकडेच बघत राहिले. किती वाळलीय रे ती.

डॉक्टर म्हणतात, पहिले काही दिवस जपायचे. म्हणजे डाव अजून मोडलेला नाही, नुसता लांबलाय. आणखी एक शुक्रवार जगणं आलं.

जाताना म्हणालास की तो हात तुला अजून साधत नाही. ऐक. मला शस्त्रक्रियेला ढकलत नेत होते तेव्हा मी माझाच हात पाहिला. थरथरत नव्हता. पलंगाची कड धरायला म्हणून पुढे गेला, आणि कड न धरता उघडाच राहिला.

तसा काढ.

आई