पल्याडचं मीठ

१२ मे १९८६
ट्रक आला एकदाचा. मिठाची चाळीस पोती, तांदूळ वेगळा. नदीच्या दोन्ही काठांचं सहा महिन्यांचं. ड्रायव्हर उतरल्या उतरल्या म्हणे, "भाऊ, पुढच्या खेपेले मी नाई. तुमच्या रस्त्यानं माझ्या मणक्याचा भुगा केला." पुढची खेप दिवाळीनंतर. त्याला काय नि मला काय.

पोती गोदामात लावली. गेल्या वर्षीच्या पुराची रेघ भिंतीवर अजून आहे, माझ्या कमरेएवढी. तांदळाचा वरचा थर तरी वाचला होता. मीठ गेलं. पोती जागच्या जागी, आत काही नाही, नुसती ओली गोणपाटं. पल्याडच्या लोकांनी दोन महिने अळणी आंबील प्याली. कोणी तोंडावर बोललं नाही. जैनीबाई बोलली. "सरकारनं तुले कुलूप राखाले ठेवलं का मीठ राखाले?" म्हातारीचं ते वाक्य कानात बसलंय, निघत नाही.

यंदा अर्धं मीठ पाऊस लागायच्या आधीच पल्याड. जुन्या साहेबाला विचारलं होतं. तोंडी हो म्हणाला आणि बदलून गेला.

१७ मे
तीन दिवस डोंगा हाकला. पाठ धरली. वीस पोती, पाच गावं, गावाला चार. पोतं फोडून माहुलीच्या पानांत बांधायचं, शिंक्यात घालून चुलीच्या वर टांगायचं. धूर लागत राहिला की मीठ पाझरत नाही. ही अक्कल माझी नाही, त्यांचीच.

त्यांना अक्षर येत नाही. म्हणून बांबूची कामटी घेतली, तिच्यावर पोत्यागणिक एक खाच, मग मधून उभी चिरली. अर्धी घरवाल्याकडे, अर्धी माझ्याकडे. जुळवल्या की खाचेला खाच भिडते. भांडायला जागा नाही.

जैनीबाई म्हणते, "यंदा आमच्या घरी आणून टाकून राह्यला. काऊन? गोदामाले पचत नाई?"
म्हटलं, "बाई, तुमची शिवी पचली नाई."
हसली नाही. शिंकं मात्र स्वतः बांधलं.

२५ मे, बाजार
शेठ भेटला. अल्याडला दुकान एकच, ते त्याचं. गोदाम रिकामं झालं की पल्याडचे लोक भर पावसात त्याच्याकडे येतात. पायलीभर चारोळी द्यायची, पायलीभर मीठ न्यायचं. चारोळी नागपुरात काय भावानं जाते ते त्याला माहीत, त्यांना नाही.

"ऐकलं, गोदाम वाटून राह्यले तुम्ही."
"वाटलं नाई. ठेवलं."
"ठेवलं म्हणे. चार अक्षरं काय शिकले तुमचे लोक, सरकार व्हाले निघाले."

तुमचे लोक म्हणजे कोण, ते त्याला कळतं, मलाही. म्हटलं, "अक्षरं मी तुमच्याच दुकानात हमाली करताना शिकलो, शेठ, पोत्यांवरचे छाप वाचून. पहिलं वाचलं ते मीठ."
खरं तर म्हटलं नाही. घरी येताना वाटेत सुचलं. निदान इथं तरी लिहून ठेवतो.

४ जून
जीप आली. नवा निरीक्षक. नाव लिहायचा कंटाळा, सा. म्हणू. माझ्या धाकट्याच्या वयाचा, पहिल्या वाक्यापासून अरेतुरे.

"चाळीसची नोंद आहे. इथे वीस. बाकीची विकलीस की खाल्लीस?"
कामट्या काढून दाखवल्या. त्यानं एक दात कोरायच्या काडीसारखी धरली. "शासनाला काड्या दाखवतोस?"
"पल्याड चला, साहेब. एकेक घर दाखवतो. डोंगा तयार आहे."
त्यानं डोंग्याकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. गेला नाही. शेठच्या ओट्यावर चहाला मात्र गेला. तक्रार कोणाची, ते विचारायची गरज उरली नाही.

चहा पिऊन आला आणि गोदामाला सील ठोकलं. "आठ दिवसांत वीसच्या वीस पोती इथे पाहिजेत. मग उघडीन. नाहीतर चोरीचा रिपोर्ट." किल्ली त्याच्या खिशात गेली. जळक्या लाखेचा वास नाकातून जात नाही.
बावीस वर्षं हे गोदाम राखलं. चोर हा शब्द आज पहिल्यांदा

६ जून
पल्याड गेलो. जैनीबाई चुलीपुढं बसली होती, उठली नाही.
"आणलं तू, टांगलं मी. आता न्याले कोण येते ते पाहातो."
"बाई, नोकरी जाते माही. वरून चोर म्हणतील."
"अन् नेलं, मंग पाणी आलं, तं आमाले काय म्हणशील?"

बाकी चार गावांत गेलोच नाही. रिकामा डोंगा घेऊन परतलो. सबंध नदीभर तिला मनात शिव्या घातल्या. काठाला लागेपर्यंत संपल्या.

१३ जून
आठ दिवस झाले. सा. नाही, जीप नाही. परवापासून पाऊस धरून आहे, रपटा पाण्याखाली, रस्ता बंद. पोलीस चौकीच्या वायरलेसवरून निरोप लावला: नदी चढते आहे, किल्ली पाठवा, नाहीतर सील तोडायची परवानगी द्या. संध्याकाळी उत्तर आलं. स्थिती जैसे थे ठेवावी.
स्थिती ऐकते का कोणाचं?

२१ जून
आता अल्याडचं मीठ संपलं. आपले लोक गोदामासमोर राहून अळणी, आणि पल्याडची शिंकी भरलेली. याचा राग माझ्यावर. शेजारी जयभीमला उत्तर देत नाही. कोणीतरी दारावर शेण मारलं. शेठची पायलीला पायली आता या काठालाही सुरू. तो छत्री घेऊन गोदामावरून फेरी मारतो, लाख शाबूत आहे ना पाहायला.

घरची म्हणाली, "जगाचं मीठ राखता, घरात चिमूट नाई." मे महिन्यात फोडलेलं रिकामं पोतं होतं. तिनं ते उकळलं आणि त्या पाण्यात वरण केलं. गोणपाटाचा वास होता. दोनदा मागून घेतलं.

२४ जून
नदी थोडी उतरली. सकाळीच जैनीबाईचा डोंगा लागला. पानांत बांधलेले सहा मोठे पुडे. सगळ्यांसमोर माझ्या ओट्यावर ठेवले.
"हे परत नाई. उसनं आहे."
कमरेची अर्धी कामटी काढली, माझी मागितली. दोन्ही जुळवून विळ्यानं वरून एक आडवी खाच पाडली. आजवर सगळ्या खाचा त्यांच्या होत्या, ही आमची. अल्याडनं पल्याडचं घेतलं.

घरोघर वाटलं. शेण मारणारा पण आला. मान खाली होती त्यावरून ओळखला. त्याला मूठभर जास्तच दिलं. रागानं.

२ जुलै
गोदामाच्या पायरीवर बसून लिहितो आहे. एकूण पाच पायऱ्या, पाणी दुसरीला. पाचवीनंतर उंबरा. आत वीस पोती मीठ आणि सगळा तांदूळ.

सकाळपासून लोक जमलेत. "भाऊ, तोडा." म्हटलं, तुम्ही तोडा. कोणी पुढं होईना. तुरुंगाला सगळेच भितात, मी पण. शेठ छत्रीखाली उभा. "तोडा ना. साहेबाले सांगाले मी आहोच."

दुपारी पल्याडचे सहा डोंगे आले, रिकामे, पोती हलवायला. जैनीबाई पुढं. विचारते, जैसे थे म्हणजे काय? सांगितलं.
"म्हंजे बुडेपर्यंत पाहात राहाचं?"
"तसंच."
"लिहिणाऱ्याचं घर कुठी आहे?"
"गडचिरोलीले. उंचावर."

मग पंचनामा लिहिला. पाणी किती, पोती किती, निरोप कधी पाठवला, उत्तर काय आलं. शेवटची ओळ: सील तोडणाऱ्याचे नाव. तिथं माझंच लिहायला टाक टेकवला, तर तिनं दौतीत अंगठा बुडवून त्या ओळीवर उमटवला. मागून बाकीच्यांनी. पल्याडचे आधी, मग आपले. शेण मारणाऱ्यानंही. ओळ भरली, त्याखालचा कागद भरला. शेठ कधी निघून गेला कळलं नाही.

खाली जागा उरलेली नाही. सही करायची तर सगळ्यांच्या वर, शीर्षकाच्या शेजारी करावी लागेल.

पाणी तिसऱ्या पायरीला लागलं. जैनीबाईनं कुऱ्हाड आणली. माझ्या हातात दिली नाही, दाराला टेकवून ठेवली.